‘तीव्र प्रतिसाद’ म्हणजे नेमके काय? तीन प्रायमेट प्रजातींच्या तुलनेविषयी

एका संशोधक विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याने माणूस, चिंपांझी आणि ऱ्हीसस मॅकाक यांच्या रक्तातून वेगळ्या करून गोठवलेल्या पांढऱ्या पेशींना एलपीएस, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणातील द्रव्य, दिले आणि ४ तासांनी आरएनए मोजला. माणूस आणि चिंपांझी यांच्यात ज्यांची पातळी बदलली अशा जनुकांची संख्या मॅकाकपेक्षा बरीच जास्त निघाली. आता ‘कपींची जन्मजात प्रतिकारशक्ती माकडांपेक्षा अधिक तीव्र असते’ (कपी म्हणजे माणूस, चिंपांझी, गोरिला यांचा बिनशेपटीचा गट; मॅकाक माकडांत मोडतो) हे वाक्य प्रबंधात लिहावे का, आणि मार्गदर्शक म्हणतात त्याप्रमाणे प्रत्येक प्रजातीचे नमुने वाढवले तर हे वाक्य भक्कम होईल का, असे त्याने विचारले आहे.

माझे उत्तर असे की तुमचा आकडा बहुधा बरोबर आहे, ते वाक्य मात्र बरोबर नाही, आणि नमुने वाढवल्याने त्या वाक्यातली मुख्य अडचण दूर होणार नाही. तुम्ही विचारता आहात त्याच्या खाली खरे तर वेगळाच प्रश्न दडलेला आहे: तीन प्रजातींच्या पेशींना खरोखर एकच उत्तेजन मिळाले का, ते एकाच प्रकारच्या पेशींना मिळाले का, आणि मिळाले असल्यास दिसलेला फरक प्रजातीचा आहे, पिंजऱ्याचा आहे की आपल्या मोजपट्टीचा? याचे उत्तर तुमच्या प्रयोगाच्या तपशिलावर अवलंबून आहे आणि ते तपशील मला माहीत नाहीत. त्यामुळे मी जिथे चुकलो आहे आणि जिथे इतरांना चुकताना पाहिले आहे, त्या जागा दाखवतो.

आधी तुमच्या बाजूने बोलतो. तुमच्या निष्कर्षाची दिशा नवी किंवा संशयास्पद नाही. माणूस, चिंपांझी, ऱ्हीसस मॅकाक आणि ऑलिव्ह बबून यांच्या रक्तपेशींची जिवाणूजन्य आणि विषाणूसदृश उत्तेजनांखाली केलेली एक तुलना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातही कपींचा सुरुवातीचा प्रतिसाद माकडांपेक्षा ठळकपणे मोठा होता. जिवंत शरीरातही हेच दिसते: स्वयंसेवकांना वजनाच्या दर किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅम एवढे एंडोटॉक्सिन, म्हणजे एलपीएसच, शिरेतून दिले की ताप आणि थंडी भरून येते, तर तेवढ्याच मात्रेने बबूनवर डोळ्यांना दिसेल असा काहीच परिणाम होत नाही. पण त्याच तुलनेतली दुसरी गोष्ट लोक उद्धृत करायला विसरतात. कपींचा प्रतिसाद मोठा होता तसाच तो कमी नेमकाही होता. जिवाणू आणि विषाणू यांच्यात फरक करण्यात माकडांच्या पेशी अधिक काटेकोर होत्या. म्हणजे ‘तीव्र’ या एका शब्दात तुम्ही मिळकत तेवढी लिहिता आणि खर्चाची बाजू कोरी ठेवता.

तीव्रता आणि परिणामकारकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एसआयव्हीच्या (माकडांमधला, एचआयव्हीचा नातेवाईक विषाणू) उदाहरणाइतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. आफ्रिकेतील सूटी मँगाबे आणि ग्रीन मंकी या माकडांमध्ये एसआयव्ही नैसर्गिकरीत्या राहतो. त्यांच्या रक्तात विषाणूचे प्रमाण भरपूर असते आणि तरीही त्यांना सहसा एड्स होत नाही. आशियातील ऱ्हीसस मॅकाक या विषाणूचा नैसर्गिक यजमान नाही. त्याला संसर्ग झाला की तो आजारी पडतो. नैसर्गिक यजमानांची प्रतिकारशक्ती या विषाणूकडे लक्षच देत नसेल, असे सुरुवातीला अनेकांना वाटत होते. पुढे २००९ च्या सुमारास संसर्गाच्या पहिल्या दिवसांपासून रक्त तपासले गेले तेव्हा दिसले, की इंटरफेरॉनमुळे (पेशी विषाणूविरुद्ध सोडतात त्या इशाऱ्याच्या प्रथिनामुळे) जागी होणारी जनुके दोन्हीकडे जोरात चढतात. फरक एवढाच, की मँगाबे आणि ग्रीन मंकी यांच्यात ती काही आठवड्यांत खाली येतात आणि मॅकाकमध्ये चढलेलीच राहतात. फक्त पहिल्या आठवड्यातले नमुने हाती असते तर ‘फरक नाही’ असे लिहिले गेले असते आणि फक्त तिसऱ्या महिन्यातले असते तर ‘मॅकाकचा प्रतिसाद तीव्र’ असे. दोन्ही वाक्यांना आकड्यांचा आधार असता, आणि आजार का होतो हे दोन्हींतून कळले नसते.

तुमचे ४ तास हा असाच एक क्षण आहे. एलपीएसनंतर टीएनएफसारखी (दाह भडकवणाऱ्या संदेशप्रथिनांची) जनुके लवकर उसळतात आणि लवकर ओसरतात; इंटरफेरॉनच्या वाटेने येणारी दुसरी लाट त्यांच्या मागून येते. एखाद्या प्रजातीत हा सगळा क्रम तासाभराने पुढे-मागे असला, तर एकाच वेळेच्या मोजणीत वेगातला फरक उंचीतल्या फरकासारखा दिसतो. शक्य असेल तर किमान तीन वेळा घ्या. शक्य नसेल, तर ‘४ तासांनी’ हे शब्द प्रत्येक निष्कर्षात ठेवा, फक्त पद्धतीच्या प्रकरणात नव्हे.

आता पेशींकडे येतो, कारण माझी स्वतःची सर्वांत महागडी चूक इथली आहे. रक्तातून वेगळ्या केलेल्या पांढऱ्या पेशी हे मिश्रण असते आणि त्यात एलपीएसला खरा आवाज देतात त्या प्रामुख्याने मोनोसाइट, म्हणजे जंतू गिळणाऱ्या मोठ्या पांढऱ्या पेशी. समजा, माणसाच्या नमुन्यात त्यांचे प्रमाण मॅकाकच्या दुप्पट असले, तर एकेका मोनोसाइटचा प्रतिसाद तंतोतंत सारखा असूनही एकत्रित आरएनएमध्ये माणूस ‘तीव्र’ दिसेल. त्यात गोठवणे आणि वितळवणे मोनोसाइटना विशेष मानवत नाही, आणि तिन्ही प्रजातींचे नमुने एकाच हाताने, एकाच दिवशी गोठवले गेले असण्याची शक्यता फार कमी असते. म्हणून वितळवल्यानंतर, उत्तेजन देण्याआधी, प्रत्येक कुपीतल्या थोड्या पेशी फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून त्यांच्या चिन्हांनुसार मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून घ्याव्यात असे मी सांगतो. आणि नेमके तिथेच सावध राहावे लागते.

माणसाच्या रक्तात नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे एनके पेशी, ओळखण्याची रूढ खूण म्हणजे पृष्ठभागावर सीडी३ हे चिन्ह-प्रथिन नसणे आणि सीडी५६ असणे. सुरुवातीच्या काळात मी हीच चौकट ऱ्हीससच्या नमुन्यांवर ठेवली आणि पडद्यावर एक देखणा, दाट पुंजका मिळाला. प्रत्येक प्राण्यात तो होता आणि एलपीएस दिल्यावर तो जोरात प्रतिसादही देत होता. मॅकाकच्या एनके पेशी थेट जिवाणूद्रव्याला एवढा प्रतिसाद देतात हा शोध लागला अशा आनंदात मी काही आठवडे होतो. मग एका सहकारी बाईंनी आलेखाचे दुसरे दोन अक्ष लावायला सांगितले, म्हणजे पेशीचा आकार आणि आतला खडबडीतपणा. माझ्या ‘एनके’ पेशी लिम्फोसाइटच्या जागी नव्हत्याच, त्या मोनोसाइटच्या जागी बसलेल्या होत्या. ऱ्हीससमध्ये सीडी५६ हे चिन्ह मोनोसाइटवर असते. तिथल्या एनके पेशी सीडी३ नसलेल्या, पण सीडी८ आणि एनकेजी२ए असलेल्या पेशींमध्ये शोधाव्या लागतात. त्या आलेखांची वही मी अजून जपून ठेवली आहे. प्रतिपिंडांचेही तसेच: माणसाच्या सीडी३ साठी सर्रास वापरला जाणारा यूसीएचटी१ हा क्लोन (प्रतिपिंडाचा एक ठरावीक वाण) मॅकाकच्या पेशींना धरत नाही, एसपी३४-२ धरतो. प्रजाती बदलली की पेशीच्या अंगावरच्या नावाच्या पाट्याही बदलतात हे गृहीत धरूनच काम सुरू करावे.

उत्तेजनाविषयी दोन गोष्टी. पहिली म्हणजे मात्रा. तुम्ही बहुधा तिन्ही प्रजातींना एकाच संहतीचे एलपीएस दिले असेल आणि ते न्याय्य वाटते. पण एका मात्रेवरून संवेदनशीलता आणि कमाल क्षमता वेगळी काढता येत नाही. मॅकाकच्या पेशी जास्त मात्रेला माणसाइतकाच प्रतिसाद देत असतील तर फरक उंबरठ्याचा आहे, आणि कितीही मात्रा दिली तरी त्या तिथवर पोहोचत नसतील तर फरक छताचा आहे. या दोहोंमागची जैविक कारणे अगदी निराळी असू शकतात. शिवाय एलपीएसची शुद्धता तपासा. साध्या प्रतीच्या एलपीएसमध्ये जिवाणूंची लिपोप्रथिने मिसळलेली असतात आणि ती टीएलआर२ या दुसऱ्याच ग्राहीला (पेशीवरच्या जंतू ओळखणाऱ्या प्रथिनाला) चेतवतात, म्हणजे तुम्ही एलपीएस ओळखणाऱ्या टीएलआर४ ची म्हणून केलेली तुलना प्रत्यक्षात दोन वाटांची बेरीज असते.

दुसरी गोष्ट सीरमची, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाची, आणि तिच्याकडे माझ्या अनुभवात सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पेशीवरच्या टीएलआर४ पर्यंत एलपीएस एकटे जात नाही. सीरममधले एलबीपी नावाचे प्रथिन ते उचलून सीडी१४ कडे देते आणि तिथून ते पुढे सरकते. तिन्ही प्रजातींच्या पेशी गाईच्या गर्भाच्या सीरममध्ये वाढवल्या तर हा हमाल तिघांसाठी परका असतो. त्याहून सूक्ष्म अडचण सियालिक आम्लाची, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका शर्करेची, आहे. माणसाच्या पूर्वजांमध्ये साधारण २० ते ३० लाख वर्षांपूर्वी सीएमएएच हे जनुक निकामी झाले, त्यामुळे आपल्या पेशी एनईयू५जीसी हे सियालिक आम्ल बनवत नाहीत. चिंपांझी आणि मॅकाक बनवतात. प्रतिकार पेशींवरील सिग्लेक नावाचे ग्राही सियालिक आम्लांना धरतात आणि त्यातले बरेचसे पेशीला लगाम घालण्याचे काम करतात, म्हणून हा फरक तुमच्या प्रश्नाच्या अगदी मध्यावर आहे. आता गंमत अशी की गाईच्या सीरममध्ये एनईयू५जीसी भरपूर असते आणि मानवी पेशी ते शोषून आपल्या पृष्ठभागावर लावतात. म्हणजे माणसाचे जे वेगळेपण मोजायचे, तेच आपण बशीत थोडेबहुत पुसून टाकतो. प्रत्येक प्रजातीच्या पेशी तिच्या स्वतःच्या सीरममध्ये, आणि शिवाय सीरमची अदलाबदल करून, असा छोटा प्रयोग केलात तर फरक पेशीत आहे की भोवतालच्या द्रवात, हे दोन दिवसांत कळेल.

उत्तेजन न दिलेल्या पेशींचे आकडेही नीट पाहा. ‘किती पट वाढ’ हे प्रमाण पायावर अवलंबून असते, आणि एखाद्या प्रजातीत जनुक आधीपासूनच अर्धे चढलेले असेल तर ते दुबळे नसूनही त्याची पट कमी भरते. बंदिवासातल्या प्राण्यांच्या बाबतीत हा पाया कळपातल्या स्थानानेही हलतो: ऱ्हीसस माद्यांच्या गटांची मुद्दाम पुनर्रचना करून केलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खालच्या दर्जाच्या माद्यांच्या पेशींनी एलपीएसला अधिक दाहक प्रतिसाद दिला होता. तुमच्या मॅकाक माद्या होत्या की नर, एकेकट्या ठेवलेल्या होत्या की कळपात, हे नोंदींमध्ये असेल तर प्रबंधात येऊ द्या.

संगणकावरच्या कामाबद्दल थोडक्यातच सांगतो. तिन्ही प्रजातींचे आरएनए तुकडे मानवी जनुकसंचावर बसवले असतील तर ते काम पुन्हा करा. प्रत्येकाचे स्वतःच्या संचावर बसवावेत आणि मोजणी फक्त तिघांत एकास एक जुळणाऱ्या भागांपुरती ठेवावी. त्यात अल्फा इंटरफेरॉन किंवा केआयआर (एनके पेशींवरचे ग्राही) यांच्यासारखी पुनःपुन्हा दुणावलेली कुटुंबे गळतील आणि ती नेमकी प्रतिकारशक्तीची असल्याने वाईट वाटेल, पण त्यांचा विचार स्वतंत्रपणे करणेच इष्ट.

आता नमुने वाढवण्याचा मुद्दा. तुमच्याकडे माणसे ६ असोत की ६०, प्रजाती तीनच आहेत. माणसांची संख्या वाढवली की ‘माणसाची सरासरी’ अधिक पक्की होते. ‘कपी विरुद्ध माकड’ हा मुद्दा तसूभरही पक्का होत नाही, कारण कपी आणि आफ्रिका-आशियातील माकडे यांची फारकत सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी एकदाच झाली. जी गोष्ट एकदाच घडली तिची पुनरावृत्ती प्रयोगशाळेत मिळत नाही. शिवाय तीन प्रजातींवरून बदलाची दिशाही ठरत नाही. माणूस आणि चिंपांझी सारखे, मॅकाक वेगळा. मग कपींमध्ये प्रतिसाद वाढला की मॅकाकच्या शाखेवर तो घटला? हे ठरवायला झाडाची आणखी बाहेरची फांदी लागते, उदाहरणार्थ मार्मोसेटसारखे अमेरिकी माकड, आणि मिळालाच तर लेमूर. ‘माकडे’ हा गटही वाटतो तितका एकजिनसी नाही. मघाच्या सूटी मँगाबेचा जनुकसंच २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या टीएलआर४ प्रथिनाचे शेवटचे टोक बदललेले आढळले आणि या बदललेल्या रूपाचा एलपीएसला प्रतिसाद मंद निघाला. मॅकाकऐवजी तुमच्या हाती मँगाबे असता तर निष्कर्ष तोच आला असता, पण कारण त्या एका प्रजातीपुरते असते.

म्हणूनच माझा कल नेहमी अदलाबदलीच्या प्रयोगांकडे असतो: फरक दिसला की तो घडवणारा तुकडा शोधायचा, एका प्रजातीतून काढून दुसरीत घालायचा आणि गुण बरोबर जातो का ते पाहायचे. या क्षेत्रातले जे काही मला खात्रीचे वाटते ते बहुतेक असेच मिळालेले आहे. ट्रिम५अल्फा हे प्रथिन घ्या. ऱ्हीससच्या पेशीत शिरलेला एचआयव्ही-१ याच प्रथिनामुळे अडतो, हे २००४ मध्ये कळले. माणसाचे तेच प्रथिन त्या विषाणूला जेमतेम विरोध करते. मग दोन्ही प्रथिनांचे तुकडे एकमेकांत बदलत बदलत शोध एका जागेपर्यंत आला. मानवी प्रथिनात ३३२ क्रमांकाच्या जागी आर्जिनिन हे अमायनो आम्ल आहे. ते एकटे काढून तिथे ऱ्हीसससारखे प्रोलिन बसवले की मानवी प्रथिनही एचआयव्ही-१ ला चांगलेच अडवू लागते. यावरून ‘माकडाचे ट्रिम५अल्फा तीव्र’ असे म्हणावेसे वाटेल, पण एन-ट्रॉपिक एमएलव्ही या उंदरांच्या विषाणूसमोर चित्र उलटते: माणसाचे प्रथिन त्याला दमदारपणे रोखते, ऱ्हीससचे नाही. दक्षिण अमेरिकेतल्या आउल मंकीने तर वेगळाच मार्ग काढला आहे. त्याच्या ट्रिम५ जनुकात सायक्लोफिलिन-ए ची प्रत येऊन बसली आणि त्या जोडप्रथिनानेही एचआयव्ही-१ अडतो. असाच जोड मॅकाकच्या काही प्रजातींत स्वतंत्रपणे पुन्हा घडलेला आहे.

एपोबेक३जी या विषाणूरोधी प्रथिनातही १२८ व्या जागेवरचे एक अमायनो आम्ल बदलले की ते कोणत्या विषाणूच्या व्हिफ प्रथिनाला बळी पडते हे बदलते. रक्तातल्या एपीओएल१ चे वाटप आणखी विचित्र आहे: निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोम परजीवींना फोडणारे हे प्रथिन माणूस, गोरिला आणि बबून यांच्याकडे आहे, आणि आपला सर्वांत जवळचा नातेवाईक असलेल्या चिंपांझीकडे नाही. या यादीत कपी एका बाजूला आणि माकडे दुसऱ्या बाजूला अशी रेघ कुठेच पडत नाही. ज्या वंशाला ज्या शत्रूशी झुंजावे लागले त्याचे व्रण त्या वंशाच्या प्रथिनांवर आहेत, आणि ‘एकूण तीव्रता’ मोजताना आपण हे सगळे वेगवेगळे व्रण एका सरासरीत घोटून टाकतो.

तुमच्याकडच्या माहितीतून या दिशेने जाता येईल. बदललेल्या जनुकांची एकच लांब यादी देण्याऐवजी ती कामानुसार विभागा. माणूस, मॅकाक, उंदीर (माउस) आणि मोठा उंदीर (रॅट) यांच्या त्वचेतील फायब्रोब्लास्ट पेशींवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात असे दिसले होते की सायटोकाइन आणि केमोकाइन (पेशी एकमेकींना पाठवतात ती संदेशप्रथिने) यांची जनुके प्रजातींमध्ये जास्त भिन्न वागतात, तर आतली नियंत्रक जनुके बरीच स्थिर राहतात. आणि प्रजातींमध्ये जी जनुके भिन्न, तीच एका प्रजातीच्या पेशी-पेशींमध्येही जास्त चढउतार दाखवतात. तुमच्या यादीत हीच विभागणी दिसते का ते पाहा. नंतर एकच ठळक जनुक निवडा, त्याचा मॅकाकमधला प्रवर्तक भाग (जनुक चालू-बंद करणारा शेजारचा डीएनए) मानवी पेशीत आणि मानवी भाग मॅकाकच्या पेशीत घालून तपासा. फरक डीएनएच्या त्या तुकड्याबरोबर प्रवास करत असेल तर कारण जनुकाशेजारीच आहे. पेशीबरोबर राहत असेल तर ते अन्यत्र शोधावे लागेल.

चिंपांझींचे नमुने वाढवण्याचा विचार तर मी सोडूनच द्या म्हणेन. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये चिंपांझींवरील जैववैद्यकीय संशोधनाला पाठबळ देणे थांबवले, आणि कपींच्या रक्ताची कुपी सीमेपलीकडे न्यायलाही वन्यजीवांच्या व्यापारावरील सायटिस कराराचा परवाना लागतो. आरोग्यतपासणीच्या वेळी उरलेले जे रक्त हाती आले आहे ते जपून वापरावे, आणि पुढच्या टप्प्यासाठी चिंपांझींच्या आयपीएस पेशींपासून (प्रयोगशाळेत घडवलेल्या, हव्या त्या प्रकारात बदलता येणाऱ्या पेशींपासून) बनवलेल्या मॅक्रोफेजचा, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींचा, विचार करावा.

प्रबंधातले वाक्य मी असे लिहिले असते: ‘एकाच संहतीच्या एलपीएसला ४ तासांनी दिलेल्या प्रतिसादात माणूस आणि चिंपांझी यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये ऱ्हीसस मॅकाकपेक्षा अधिक जनुकांची पातळी बदलली, हा फरक मोनोसाइटचे प्रमाण विचारात घेतल्यावर इतका उरतो.’ ‘इतका’च्या जागी आकडा येण्यासाठी मोजणी आधी करावी लागेल, आणि तो शून्याच्या जवळ आला तरी वाक्य तसेच ठेवता येईल. शिल्लक कुप्या थोड्याच असतील तर त्या नव्या आरएनए मोजणीत घालू नका. माणूस आणि मॅकाक यांच्या मोनोसाइट वेगळ्या करा, पाच मात्रा घ्या, प्रत्येकाच्या स्वतःच्या आणि समोरच्याच्या सीरममध्ये ठेवा आणि फक्त टीएनएफ व आयएल-६ ही दोन दाहक प्रथिने मोजा. चिंपांझीच्या कुपीला तोवर हात लावू नका.